टिपेश्वरचा वाघ वावरात का येतो?

२०१९ च्या जूनमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ बाहेर पडला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बसवला होता, त्यामुळे तो कुठे आहे हे उपग्रहामार्फत कळत राहिले. नोंदीत त्याचे नाव सी-१. पुढे लोक त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले. आदिलाबादची हद्द, मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे करत डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची चाल सुमारे १,३०० किलोमीटर झाली होती. या वाटेवर सलग जंगल फारच थोडे आहे. बाकी सगळी वावरे, नाले, कालवे, गावे आणि डांबरी रस्ते. एवढा मोठा प्राणी एवढ्या वस्तीमधून पाच महिने चालला आणि बहुतेक लोकांना तो दिसलाही नाही.

टिपेश्वरचे जंगल घाटंजी आणि केळापूर या दोन तालुक्यांत पसरले आहे. घाटंजीकडच्या शेतकऱ्याला एक साधा प्रश्न पडतो: जंगल सोडून वाघाने कपाशीत का यावे? याचे उत्तर वाघाच्या स्वभावात थोडे आणि शेतात जास्त सापडते. काय पेरले, कधी कापले, रात्री राखायला कोण गेले यावर वाघाची वाट ठरते. आणि काय पेरायचे हे बऱ्याच अंशी बाजार ठरवतो, म्हणजे शेवटी दूरच्या शहरातले ताट.

जंगल लहान, हिशेब मोठा

टिपेश्वर १९९७ साली अभयारण्य झाले. क्षेत्रफळ १४८.६३ चौरस किलोमीटर. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र, भोवतालच्या बफरसह, १,७०० चौरस किलोमीटरांहून जास्त आहे. त्याच्या तुलनेत टिपेश्वर म्हणजे एखाद्या मोठ्या वाड्यातली एक खोली.

वाघाची गरज बँकेतल्या ठेवीसारखी समजून घेता येते. एक वाघ वर्षाला साधारण ५० मोठे प्राणी मारतो: चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर. भक्ष्याची संख्या टिकायची असेल तर वाघाने दरवर्षी त्यातला सुमारे दहावा हिस्साच खावा, असा अभ्यासकांचा ठोकताळा आहे. म्हणजे ५० प्राण्यांचे व्याज मिळायला ५०० प्राण्यांची मुद्दल जंगलात हवी. दहा प्रौढ वाघांसाठी ही मुद्दल ५,००० होते. टिपेश्वरच्या क्षेत्रफळाने भागले तर दर चौरस किलोमीटरला ३४ च्या जवळपास चरणारे प्राणी लागतात. त्यासाठी तेवढे गवत आणि तेवढे पाणी हवे.

दुसरी अडचण जागेची. वाघीण आपल्या हद्दीत दुसरी वाघीण सहसा खपवून घेत नाही. भक्ष्य भरपूर असेल तर तिला २० चौरस किलोमीटरच्या आसपासचा मुलूख पुरतो. नराचा मुलूख त्याहून मोठा असतो आणि त्यात दोन-तीन वाघिणींचे मुलूख येतात. एका वेताला दोन ते चार बछडे होतात. ते दोन वर्षांचे झाले की आई त्यांना दूर करते. मादी पिल्लू अनेकदा आईच्या शेजारीच जागा मिळवते, नराला मात्र बापाच्या वयाच्या नराशी झुंजावे लागते किंवा निघून जावे लागते. सी-१ असाच निघून गेला. टिपेश्वरमधून बाहेर पडणारा तो एकटा नाही. २०२१ मध्ये इथला एक वाघ छत्रपती संभाजीनगरकडच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात दिसला, तर २०२४ च्या अखेरीस आणखी एक धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यापर्यंत गेला.

तेव्हा वाघ बाहेर येतो तो ‘चुकून’ किंवा ‘भरकटून’ नव्हे. टिपेश्वरमध्ये वाघ वाढले, हे संरक्षणाचे यश आहे, आणि वावरात उमटलेले पाऊल हा त्याच यशाचा पुढचा भाग आहे.

पावसाळ्यात उगवणारे जंगल

वाघाला जंगल ओळखता येते ते झाडांच्या नावांवरून नव्हे. त्याला हवा असतो आडोसा, पाणी, भक्ष्य आणि दिवसा कुणी न उठवेल अशी जागा. जून महिन्यात घाटंजीचे काळे वावर वखरून उघडे पडलेले असते, तिथे उंदीरही लपत नाही. त्या काळात जनावर चालते ते नाल्याने. वाघाडी आणि तिला मिळणारे ओढे, त्यांच्या काठची बोर-बाभळ, पळसाची झुडपे ही त्याची वाट. नाला हा रस्ता, आणि दोन वावरांमधला झाडोऱ्याचा धुरा ही त्याला जोडणारी गल्ली.

मग पीक वाढते. सप्टेंबरात कपाशी कमरेला लागते, ऑक्टोबरात तिच्यात बसलेला माणूस दिसत नाही. कपाशीच्या तासांमध्ये तुरीच्या ओळी असतात, आणि तूर माणसाच्या डोक्यावर जाते. तासांमधल्या मोकळ्या पट्टीतून जनावराला आवाज न करता चालता येते, वर पानांचे छत, खाली गार माती. वाघाच्या दृष्टीने हे चार-पाच महिन्यांचे जंगलच उगवलेले असते. सी-१ ची वाटचाल जूनमध्ये सुरू झाली आणि डिसेंबरात ती ज्ञानगंगेपर्यंत पोहोचली, म्हणजे पेरणीपासून वेचणीपर्यंतचा सगळा खरीप हंगाम त्याने चालण्यात घालवला. तो बहुतेक रात्री चालत होता आणि वाटेत रानडुकरे व गुरे मारून पोट भरत होता.

हंगाम संपताना अडचण सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत तूर कापली जाते, कपाशीची वेचणी होते, पण ज्याच्याकडे पाणी आहे तो शेतकरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडे, उपटत नाही. ओलीत देऊन तो आणखी एक-दोन वेचे कापूस काढतो. याला फरदड म्हणतात. फरदडीने गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत खाऊ मिळते, म्हणून डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढून टाकावी असा कृषी खात्याचा सल्ला असतो. गावात कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की, भोवतालची सगळी वावरे उघडी झाल्यावर फरदडीचा एखादाच उभा तुकडा उरतो आणि परिसरातले प्रत्येक जनावर तिथे एकवटते. त्याच तुकड्यात सकाळी बाया कापूस वेचायला उतरतात. वेचणारी बाई वाकलेली असते, आणि वाकलेला किंवा बसलेला माणूस दुरून चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. ऊन वर आल्यावर, घोळक्याने, मोठ्याने बोलत वावरात शिरणे ही साधी सवय म्हणूनच जीव वाचवणारी आहे. आवाज ऐकून निघून जायला वाघाला वेळ मिळतो, आणि बहुतेक वेळा तो निघूनच जातो.

भाकरी, कडबा आणि चराई

विदर्भातल्या जुन्या वावरात ज्वारी, तूर आणि मूग-उडीद एकत्र असत. धान्य घराला, डाळ घराला, आणि ज्वारीचा कडबा गोठ्याला. आज घाटंजीच्या शिवारात खरिपाची ओळख कापूस, तूर आणि सोयाबीन अशी आहे. ज्वारी मागे पडली, याची कारणे ठोस आहेत. तिला भाव नव्हता, कापणी-मळणीला मजूर मिळेना, आणि पाखरे व रानडुकरे कणसे उरू देत नव्हती.

ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनच्या मळणीत कुटार निघते, पण कडब्याची जागा ते पूर्ण भरून काढत नाही. पऱ्हाटी चुलीत जाते. मग गुरे जंगलाच्या कडेला चरायला जातात. तिथून एक साखळी सुरू होते. गुरांनी गवत खाल्ले की चितळ-रोह्यांना ते कमी पडते. चितळ कमी झाले की वाघासमोर सोपे भक्ष्य म्हणून गायच उभी राहते. गाय मेली की मालकाचा राग वाघावर जातो. पहिल्या दुव्यात एक कडब्याची पेंढी आहे आणि शेवटच्या दुव्यात विष घातलेले मढे.

हे मढे नीट समजून घेण्यासारखे आहे. वाघ एका बैठकीत वीस-तीस किलो मांस खाऊ शकतो, मोठे जनावर त्याला तीन-चार दिवस पुरते, आणि तो त्याच जागी पुन्हा येतो. मढे ओढून नेऊन पुरले तर वाघ उपाशी राहतो आणि लवकर दुसरे जनावर मारतो. मढ्यावर विष टाकले तर वाघाबरोबर कोल्हे, तरस, गावची कुत्री, सगळीच मरतात. म्हणून पंचनामा झाल्यावर मढे जागेवर राहू द्यावे आणि मालकाला भरपाई लवकर मिळावी, हाच मार्ग गुरे आणि वाघ दोघांचेही नुकसान कमी करतो. यात ‘लवकर’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. दुभती गाय गेलेल्या घराला सहा महिन्यांनी मिळालेला पैसा आजचे दूध देत नाही.

सोयाबीनचा प्रवास आणखी लांबचा आहे. दाण्यातून पाचव्या हिश्शाच्या आसपास तेल निघते, उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे पुण्या-मुंबईच्या ताटातली ब्रॉयलर कोंबडी कुठल्या तरी सोयाबीनच्या वावरावर वाढलेली असते. त्या ताटात पुन्हा ज्वारीची भाकरी आली आणि तिला शेतकऱ्याला परवडेल असा भाव मिळाला, तर कुठल्यातरी गोठ्यात कडबा परत येतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा पोषणाची चर्चा बरीच झाली. कडब्याची झाली नाही. एक सावधगिरी मात्र हवी. ज्वारी उंच वाढते, तिच्यात डुकरे आणि त्यांच्यामागे वाघही दडतात. जंगलाला अगदी लागून ती दाट पेरणे शहाणपणाचे नाही. गावाजवळच्या, राखण सोपी असलेल्या वावरात तिची जागा आहे.

शेताने पोसलेले रानडुक्कर

रानडुकराला दाट जंगल लागत नाही. नाल्यातली झुडपे आणि रात्रीची शेते एवढे त्याला पुरते. मादीचा गाभणकाळ चार महिन्यांहूनही कमी असतो आणि एका वेताला चार-सहा पिल्ले सहज होतात. पेरलेले दाणे उकरणे, भुईमूग खणणे, मका आडवा करणे हे त्याचे रोजचे काम. रोहीही उघड्या रानातलाच प्राणी. तुरीचा फुलोरा आणि हरभऱ्याचा शेंडा त्याला प्रिय. जंगलात खूप फिरून जेवढे पोषण मिळेल तेवढे वावरात थोड्या वेळात मिळते. शेतकरी नकळत या प्राण्यांची खानावळ चालवतो, आणि वाघ त्या खानावळीच्या दारात उभा राहतो.

दुःख असे की, डुकरांची संख्या आवरणारा मोठा जंगली शिकारी हाच वाघ आहे, आणि डुकरांसाठी लावलेल्या तारेवर तोच मरतो.

चौकट : झटका आणि थेट तार

कुंपणाच्या दोन तारा दुरून सारख्या दिसतात, पण त्यांचे काम अगदी वेगळे आहे. सौर झटका मशीन बॅटरीतून तारेत विजेचा ठोका सोडते. त्याचा दाब हजारो व्होल्टचा असतो, पण तो सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता टिकतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत साधारण सेकंदभर तार मोकळी असते. जनावर चटका बसताच मागे सरते. तोंडावर पाण्याचा शिपका मारावा तसे.

खांबावरून आकडा टाकून सोडलेली २३० व्होल्टची घरगुती वीज अखंड वाहते. स्नायू आखडतात आणि तार सोडणे शक्य होत नाही. अँपिअरच्या दहाव्या भागाइतका प्रवाहही हृदयाची लय बिघडवायला पुरेसा असतो. शिपका मारणे आणि डोके पाण्यात दाबून धरणे यांत जो फरक, तो इथे आहे. अशी तार लावणे गुन्हा आहे. तिला वाघ, डुक्कर, गाय आणि पहाटे धुऱ्यावरून जाणारा शेजारी यांतला भेद कळत नाही.

झटका मशीनही सगळीकडे चालत नाही. तारेला गवत टेकले की ठोका जमिनीत उतरतो, म्हणून कुंपणाखालचे गवत सतत काढावे लागते.

जागल

पीक राखायला शेतकरी रात्री वावरात जातो, यालाच जागल म्हणतात. मचाणावर बसून डबा वाजवायचा, बॅटरीचा झोत फिरवायचा. डुक्कर आणि वाघ दोघांचीही फिरण्याची वेळ नेमकी हीच. रब्बीत यात ओलिताची भर पडते. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते आणि पाळी रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी रात्रीच द्यावे लागते. एकटा माणूस, हातात फावडे, पाय दांडात. २०१७ पासून राबवल्या जाणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. ती योजना ऊर्जेची मानली जाते, पण टिपेश्वरच्या भोवताली ती वन्यजीव रक्षणाचीही योजना आहे. माणूस आणि वाघ यांच्या वेळा वेगळ्या झाल्या की दोघेही एकाच शिवारात राहू शकतात.

वेळा आणि जागा एक झाल्या की काय होते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ या वाघिणीला १३ माणसांच्या मृत्यूसाठी जबाबदार धरले गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. ‘अवनी’ हे तिचे नाव देशभर गाजले. मेलेल्या तेरा जणांची नावे त्यांच्या गावांबाहेर फारशी पोहोचली नाहीत. वाघाच्या बाजूने बोलणाऱ्याने आधी या गावांच्या बाजूने बोलायला हवे.

फासातले मटण

खाण्याच्या निवडीचा वाघाशी सगळ्यात थेट संबंध रानच्या मटणात आहे. डुक्कर, ससा, तितर यांच्यासाठी वाटेवर तारेचा फास लावला जातो. बहुधा ती गाडीच्या क्लचची नाहीतर ब्रेकची वायर असते. फासाची रचना साधी असते: जनावर ओढते तशी गाठ आवळत जाते, आणि ओढणे थांबवले तरी ती सैल होत नाही. डुकराच्या वाटेने वाघही येतो. ताकदीच्या जोरावर तो खुंटा उपटून निघून जातो, पण तार गळ्यात राहते आणि महिनोन्‌महिने मांसात रुतत जाते. २०२५ च्या सुरुवातीला टिपेश्वरमध्ये अशीच गळ्यात फास रुतलेली वाघीण दिसली. बरेच दिवस माग काढून, तिला बेशुद्ध करून तो काढावा लागला.

रानडुक्कर पिकाचा शत्रू असला तरी त्याला मारायला वनखात्याची रीतसर परवानगी लागते. चोरून विकल्या जाणाऱ्या मटणाला गिऱ्हाईक आहे, म्हणून फास आहे. मटण खावेसे वाटले तर बकऱ्याचे खावे, कोंबडीचे खावे. रानच्या मटणाची चव मागणाऱ्याने त्या वायरीचे पैसे दिलेले असतात.

फवारा आणि पाखरे

वावरात काय पेरले याइतकेच काय फवारले हेही महत्त्वाचे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कपाशी त्या वर्षी उंच वाढली होती, त्यामुळे फवारा खांद्याच्या वर धरावा लागे आणि औषधाचे तुषार तोंडावर, छातीवर येत. कापूस खाल्ला जात नसला तरी सरकीचे तेल आणि ढेप आहारसाखळीत येतेच, आणि फवारणारा माणूस तर सर्वांत आधी त्या साखळीत असतो.

विषाने मावा-तुडतुडे मरतात, पण त्यांना खाणारे ढालकिडे, कोळी आणि इतर मित्रकीटकही मरतात. मावा भराभर वाढतो, त्याचे शत्रू सावकाश. म्हणून काही दिवसांनी कीड आधीपेक्षा जोरात परतते आणि पुढची फवारणी जास्त कडक होते. हे चक्र मोडण्याचा एक जुना, स्वस्त उपाय पाखरांचा आहे. तुरीच्या बियाण्यात थोडे ज्वारीचे दाणे मिसळून पेरायचे. ज्वारीची ताटे उंच होतात, त्यांवर कोतवाल, साळुंकी येऊन बसतात आणि खालच्या तुरीवरच्या अळ्या टिपतात. ज्वारी नसेल तिथे काठीला आडवी काठी बांधून पक्षीथांबा करतात. यवतमाळ जिल्ह्यातलेच शेतकरी सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेती सोडून माती, पाणी, झाडे, गुरे आणि पाखरे यांना शेतीत जागा दिली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मोहाखालची आग

मार्च-एप्रिलमध्ये वावरे रिकामी असतात आणि घाटंजी-केळापूर भागातल्या कोलाम पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, माणसे मोहफुले वेचायला जंगलात जातात. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. मोह, तेंदूपत्ता आणि चारोळी यांवर त्यांच्या उन्हाळ्याचा बराच खर्च निघतो. मोहाची फुले पहाटे गळतात आणि अस्वल, चितळ ती लगेच खातात, म्हणून वेचणाऱ्याला अंधारातच निघावे लागते. वाळलेल्या पाचोळ्यात फूल दिसावे म्हणून झाडाखालची पाने पेटवली जातात. ती आग कधीकधी पसरते आणि चितळांना उन्हाळ्यात हवे असलेले गवत, नवी रोपे, जमिनीवर घरटी करणारी पाखरे तिच्यात जातात.

यावरचा उपाय झाडाखाली जाळी बांधण्याचा आहे, आणि काही भागांत तो वापरलाही जातो. चार बाजूंना दोरीने ताणलेली जाळी जमिनीपासून हात-दोन हात वर राहते. फुले तिच्यावर पडतात, मातीला लागत नाहीत. ती स्वच्छ राहिल्यामुळे त्यांना भावही बरा मिळतो. पाने जाळावी लागत नाहीत. आणि फुले जाळीवर असल्याने वेचणारी बाई ऊन वर आल्यावर, वाघ आणि अस्वल आपापल्या सावलीत गेल्यावर, पोडावरून निघू शकते.